खोली नंबर बावीसमधला भागीदार

सदा,

शेठकडून तुला हार आला. निशिगंधाचा, मध्ये गुलाब, खाली जरीचा गोंडा. बरोबर छापील दुखवट्याचं पत्र. 'आमच्या पेढीचे इमानी सेवक श्री. सदाशिव यांच्या निधनाने आम्हांस अतीव दुःख झाले आहे.' ते पत्र मीच जुळवलं आहे. गिरगावातल्या आमच्या छापखान्यात, तुझ्या दहाव्या दिवशी, टाइपाच्या खणांसमोर उभा राहून अक्षराचा एकेक खिळा उचलत. शेठच्या दिवाणजींनी पाठवलेल्या मजकुरात तुझं नाव नव्हतंच. नावाची जागा कोरी ठेवायची, प्रती पन्नास काढायच्या, असा निरोप होता. म्हणजे शेठला अतीव दुःख आधी झालं आणि कोणाबद्दल झालं ते नंतर शाईने भरलं. उरलेल्या एकोणपन्नास प्रती पेढीच्या कपाटात आहेत. शेठच्या स्वयंपाक्याची आणि ड्रायव्हरची सोय झाली.

मला हसू आलं रे. तुझ्यावर नाही, त्या 'सेवक' शब्दावर. चार-साडेचार वर्षं तू कागदोपत्री त्या पेढीचा चार आण्यांचा भागीदार होतास. मेलास आणि शिपाई झालास. जिवंतपणी शिपाई म्हणून नोंदला असतास तर कदाचित आज जिवंत असतास.

काल तुझं तेरावं झालं. मी हे जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदांवर. मृत्युलेख कसा लिहितात ते मला पाठ आहे, आयुष्यभर दुसऱ्यांचे जुळवले. जन्म अमुक गावी, शिक्षण तमुक इयत्ता, मनमिळाऊ स्वभाव. तुझं त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते पुरं करायचं आहे. तू आता मध्ये बोलणार नाहीस, तेवढाच माझा फायदा.

आपण एका बोटीने मुंबईला आलो. तू मालवणला चढलास, मी रत्नागिरीला. तू रात्रभर ओकत होतास आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर मला म्हणालास, "माका बोट लागणा नाय, काल जेवण वायट होता." खोटं बोलायची तुझी धाव तेवढीच होती. पुढे लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, तू बावीसमध्ये आणि मी तेविसात. मी कंपॉझिटर झालो, तू कापडबाजारातल्या शेठच्या पेढीवर शिपाई. आपल्या चाळीतले निम्मे पुरुष त्याच शेठच्या मिलमध्ये कामाला. म्हणून चाळीत तुझा भाव थोडा जास्त होता. तू मालकाच्या डोळ्यांसमोरचा माणूस ना! मालक रोज तुझ्या हातचं पाणी पितो, हे तू अशा थाटात सांगायचास की ऐकणाऱ्याला वाटावं, विहीरही तूच खणलीस.

मग आलं ते लक्ष्मीपूजन.

त्या दिवशी मी पेढीवर का होतो, हे चाळीत आपल्या दोघांनाच माहीत होतं. पेढी नव्याने भागीदारीत नोंदायची होती. तिच्या भागीदारीच्या कागदावर सही करायला एक साक्षीदार हवा होता, पेढीच्या पगारावर नसलेला. तू दिवाणजींना माझं नाव सुचवलंस. "माझो दोस्त आसा, जनू. छापखान्यात कामाक आसा. अक्षर बघशात तर मोत्यांसारखा." मला धुतलेला सदरा घालून यायला सांगितलंस आणि स्वतः खाकी पोशाखातच आलास.

पूजा झाली. शेठ पांढऱ्या गादीवर बसले होते. त्यांनी हाक मारली, "सदाशिव, आओ, इधर बैठो." तू मागे वळून बघितलंस, दुसरा कोणी सदाशिव आला की काय. बारा वर्षं त्या गादीच्या चादरी तू बदलल्या होत्यास, तिच्यावर टेकला कधी नव्हतास. दिवाणजींनी तुझ्या अंगावर एक काळा कोट चढवला, टोपी सरळ केली आणि तुला खांद्याला धरून बसवलं. तू मांडी घातली नाहीस. शाळेत तरटावर बसतात तसा पाय दुमडून, अंग चोरून बसलास, चादर मळू नये म्हणून. शेठ म्हणाले, "आज से तू अपना भागीदार." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं आणि तरी सही केली.

फोटोग्राफर बोलावलेला होताच. मुहूर्ताचा फोटो काढायची शेठची हौस. फोटोत शेठ मध्ये, शेजारी तू काळ्या कोटात, एका बाजूला पेनाची टोपी काढून तयार असलेले दिवाणजी, आणि मागे उभा राहून दात दाखवणारा मी. पुढच्या आठवड्यात पेढीची सगळी छपाई आमच्या छापखान्याला मिळाली आणि मालकाने मला हेड कंपॉझिटर केलं. तुला फोटोची एक प्रत मिळाली, चौकटीसकट. कोट त्याच संध्याकाळी परत घेतला.

दिवाणजींबद्दल एक सांगून ठेवतो. तो परका माणूस नव्हता. आपलाच, गिरगावातला, व्याख्यानमालेत पहिल्या रांगेत बसणारा. अशा माणसांशिवाय शेठचं पान हलत नाही. शेठला कायदा कुठे येतो? त्याला फक्त भूक येते. भूक कायद्यात कशी बसवायची ते ही सुशिक्षित माणसं सांगतात आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन घरी संस्कृतीवर बोलतात. मीही त्यांच्यातच जमा, फक्त मला व्याख्यानाला पुढची खुर्ची मिळत नाही.

तू एकदा विचारलं होतंस, आठवतं? चाळीत बोनसवरून रडारड चालली होती. मिलने जाहीर केलं होतं की यंदा तोटा आहे, बोनस मिळणार नाही. तू गॅलरीत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालास, "जनू, पेढयेर तर पेढे वाटले रे. मगे मिल तोट्यात कशी?"

मी तुला समजावलं. वहिनी मसाला कुटतात. समज, त्यांनी तो तुला पडत्या भावाने विकला आणि तू बाजारात चढ्या भावाने विकलास. वहिनी बुडाल्या, तू कमावलंस, आणि घर मात्र एकच. मिल कापड पेढीला स्वस्तात देते, पेढी बाजाराला महाग विकते. नफा मिलमध्ये दिसत नाही, म्हणून कामगाराला बोनस नाही आणि मिलला कर नाही. पेढीतला नफा चौघांत वाटलेला दिसतो. तू, स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि शेठची म्हातारी मावशी. चौघांवर पसरला की एकेकावर कर बेताचाच बसतो. मग कागदावरची तुमची कमाई मागल्या दाराने शेठच्या तिजोरीत जाते.

मग म्हणालास, "म्हणजे ह्येंचो बोनस माझ्या नावार गेलो?"

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तू नळावर मिलवाल्यांना आधी पाणी भरू द्यायला लागलास. कोणाला कारण कळलं नाही. मला कळलं होतं.

आणि याच शेठचं भाषण ऐकलं होतंस ना? तेव्हा संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर होतं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की वेगळी ठेवायची, यावर मोठमोठ्या लोकांची खलबतं चालली होती. शेठ व्यापाऱ्यांच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, मुंबई आमच्या पैशाने उभी आहे, आमच्या करांवर चालते, जे करच भरत नाहीत त्यांनी तिच्यावर हक्क सांगू नये. तू त्या बैठकीत चहाचे कप उचलत होतास. घरी येऊन तू मला ते जसंच्या तसं सांगितलंस आणि आपण दोघं पोट धरून हसलो. कारण शेठचा कर तूच तर भरत होतास! निदान तुझ्या नावाने तो भरला जात होता, जो काही थोडा भरला जायचा तो.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. तू शेठचा भागीदार आणि मी शेठचा साक्षीदार, दोघं परळच्या नाक्यापासून मोर्च्यात चालत होतो, 'मुंबई आमची' म्हणून घसा फोडत. मी तुला म्हटलं, "मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, पण पेढीचा चार आणे हिस्सा आधीच लालबागला आलाय. तेवढा तरी संयुक्त महाराष्ट्रात धरायला हरकत नाही." तू इतका हसलास की तुला खोकला लागला. तो खोकला तेव्हा मी ऐकला आणि सोडून दिला.

आता सरकारी मदतीचं. आपल्या वर्तमानपत्रांत मोठी माणसं लिहितात की गरिबांना सगळं फुकट द्यायची सवय लागली तर ते आळशी होतील. त्यांचे लेखही मीच जुळवतो. मिल तोट्यात आहे, कामगार बेकार होतील, असं रडून शेठने सरकारकडून सवलतीचं कर्ज घेतलं. शेठचा पुतण्या, ज्याच्या नावावर शहाणपणाने एक कवडीही ठेवलेली नव्हती, तो गरजू विद्यार्थी ठरला आणि सरकारी खर्चाने विलायतेला कापडाचं शिक्षण घ्यायला गेला. त्याच्या निरोपसमारंभाच्या पत्रिका आम्ही छापल्या, सोनेरी कडेच्या. तू त्याची ट्रंक बंदरावर पोचवलीस. चार आण्यांचा भागीदार एका गरजू विद्यार्थ्याची ट्रंक डोक्यावर घेऊन चालला होता, आणि त्या गरजू विद्यार्थ्याने तुला चार आणे बक्षीस दिले. हे मी रचून सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, जनू, फार ताणतोस.

आणि तू काय मागितलंस? एक खिडकी.

डॉक्टरने तुझी छाती तपासून सांगितलं होतं, औषधाने थोडं होईल, पण माणूस हवेशीर जागेत राहिला पाहिजे. बावीस नंबरला एक दार आणि समोर भिंत. चूल आत, सहा माणसं आत, तुझा खोकला आत. कमी मिळकतीच्या लोकांसाठी सरकारी वसाहत उभी राहत होती, प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी खिडक्या. तुझा अर्ज मीच लिहिला. चिठ्ठ्या टाकल्या आणि तुझी चिठ्ठी निघाली. वहिनींनी चाळीत गूळ-खोबरं वाटलं. तुझी पोर शालू मैत्रिणींना सांगत सुटली, आम्ही खिडकीत अबोलीची कुंडी ठेवणार.

मग चौकशीला साहेब आला. चांगला माणूस होता, तूच म्हणायचास. दोन मिनिटांत बघून गेला असता. भिंतीला ओल, छताला काजळी, कोपऱ्यात तुझी थुंकीची वाटी, आणखी काय पाहिजे होतं त्याला? पण घरी साहेब आलेला, आणि त्याला दाखवायला आपल्याकडे काहीच नाही, हे तुला सोसेना. आपल्या कोकणी माणसाची ही खोड मेलं तरी जात नाही. घरात खायला नसलं तरी आल्यागेल्याला ओटीवरचं काहीतरी मोठेपणाचं दाखवायचं. तू देवांशेजारी टांगलेला तो फोटो खाली काढलास, धोतराच्या सोग्याने काच पुसलीस आणि साहेबाच्या हातात दिलास.

"हो मी, साहेब. शेठच्या बाजूक. भागीदार आसंय मी."

साहेबाने फोटो बघितला, तुझ्याकडे बघितलं, वही उघडली. महिन्याभरात कागद आला. अर्जदार व्यापारी पेढीचा भागीदार असल्याने कमी मिळकतीच्या गटात बसत नाही.

मी तुला त्या दिवशी काय काय बोललो! गाढव म्हणालो, नंदीबैल म्हणालो. तू मान खाली घालून ऐकत राहिलास. पण संधी होती अजून. सुनावणी लागली होती. तिथे एवढंच सांगायचं होतं की मी नावापुरता आहे, पैसा कधी पाहिला नाही, सही करून घेतली आहे. मी तुला तीन दिवस पढवलं. तू म्हणालास, "तू येशीत मां माझ्याबरोबर?" मी म्हटलं, छापखान्यात घाईचं काम आहे. घाईचं काम होतं ते पेढीच्या दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचं.

तू वहिनींना घेऊन गेलास. फोटो बरोबर आणायला सांगितलं होतं, तोही नेलास. संध्याकाळी परत आलास तेव्हा मी गॅलरीत वाट बघत उभा होतो. विचारलं, काय झालं? तू चपला काढत म्हणालास, "काय होवचा? साहेबान इचारल्यान, सही तुझीच? मी म्हटलंय, माझीच."

"आणि नावापुरता आहे ते?"

"लक्ष्मीसमोर सही केलंय जनू. ती आता मोडूची नाय."

त्यानंतर आपण दोन महिने बोललो नाही. शेजारी राहून. मी शालूकडून तुझी तब्येत विचारायचो आणि तुझ्यासमोरून वळून जायचो. मला तुझी कीव यायची आणि किळसही. वाटायचं, याला लाथ मारणाऱ्याचे पाय चेपायची सवय लागली आहे. असल्या माणसांच्या जिवावर शेठ शेठ होतात. वाटायचं, आपण एकटेच काय ते शहाणे. तुझा फोटो देवांशेजारी दिसला की डोकं फिरायचं, काढून टाक तो म्हणून अबोल्याआधी मी तुला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. तो तुला शोभत नाही म्हणून सांगतो असं मी म्हणायचो. खरं तर त्यात मागे मी होतो.

शेवटी तूच बोललास. मी कामावरून येत होतो, तू दारात बसला होतास, नुसती हाडं. म्हणालास, "अरे हेडसाहेब, राज्य होतला म्हणतंत. मुंबईसकट. वर्तमानपत्रात काय लिवलाहा ता वाचून तरी दाखव." मी वाचून दाखवलं. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, बरं झालं. कोणाचं बरं झालं, हा माझ्या तोंडावर आलेला टोमणा मी गिळला. तुझ्याशी चांगलं वागल्याचा तेवढा एक प्रसंग मला आठवतो, आणि त्यासाठीही तूच हाक मारलीस. नव्या राज्याच्या शुभेच्छापत्रांची मागणी पेढीकडून कालच आली आहे, बरं का. शुद्ध मराठीत. मजकूर दिवाणजींचाच.

आता काल काय झालं ते ऐक.

तेराव्याचं जेवण आटोपलं होतं. दिवाणजी आले. खोलीत बसायला जागा नव्हती, म्हणून माझ्या खोलीतली खुर्ची आणली. त्यांनी हार घातलेल्या तुझ्या फोटोला नमस्कार केला. दुसरा फोटो तुझा नाहीच, म्हणून वहिनींनी तोच पाटावर ठेवला होता. म्हणजे हार तुला आणि शेठला एकत्रच पडला होता, आणि मागे उभ्या असलेल्या मलाही. दिवाणजींनी पिशवीतून कागद काढला.

"बाई, सदाशिवच्या जागी पेढीत तुमचं नाव लावायचं शेठनी ठरवलंय. मान आहे हा. दर महिन्याला घरखर्चाला काहीतरी पोचतं करू. शालूच्या लग्नाचंही शेठ बघतील. इथे फक्त अंगठा."

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरात मिळवतं कोणी उरलेलं नाही. मसाला कुटून किती होणार? मला वाटलं, करतील त्या अंगठा, आणि केला तर कोणत्या तोंडाने नको म्हणायचं? तेवढ्यात दिवाणजींनी कागद माझ्याकडे सरकवला. "जनार्दनराव, खाली तुमची सही तर ठरलेलीच."

सदा, माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तेराव्याच्या दिवशी, तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर माझा हात सवयीने पेनाकडे गेला.

वहिनी म्हणाल्या, "दिवाणजीनु, माझ्या घोवाक भागीदार केलात, तेची खोली गेली. माका भागीदार करशात तर आता माझा काय जातला, ता आधी सांगा."

दिवाणजी हसले. म्हणाले, तुम्ही दुःखात आहात, दोन दिवसांनी येतो. उठताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "तो फोटो मात्र द्या. शेठना आठवण म्हणून हवाय."

"तो देवचंय नाय," वहिनी म्हणाल्या.

ते गेले. मी खुर्ची उचलून निघालो, तर वहिनींनी थांबवलं. "भावजी, बसा. एक सांगूचा रवला." आणि त्यांनी मला त्या सुनावणीचं सांगितलं, जिथे मी आलो नव्हतो. साहेब तुला स्वतःहून विचारत होता, घाबरू नका, नावापुरतेच आहात ना, तसं सांगा, खोली तुमची. तू बोलणारच होतास. तोंड उघडलं होतंस. तेवढ्यात साहेबाने फोटोवर बोट ठेवून विचारलं, हा मागे कोण? साक्षीदार हाच का? खोट्या कागदावर जाणूनबुजून सही केली असेल तर त्यालाही बोलवावं लागेल.

"तेव्हा हे गप झाले," वहिनी म्हणाल्या. "मगे म्हणाले, तो कोण नाय साहेब, फोटोवाल्याचो माणूस. आणि सही माझीच, भागीदार मीच. जिन्यार माका म्हणाले, जनूची नोकरी जायत, तेका तुरुंगात घालतीत. पोटापाण्याचो माणूस तो. तेका तू ह्या सांगू नको."

त्या शेवटच्या वाक्यावर वहिनी रडल्या. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. मी रडलो नाही, मला लाज वाटत होती. दोन महिने मी ज्याला शेठचा लाचार समजून तोंड फिरवत होतो, तो माझ्यासाठी खिडकी सोडून आला होता. लक्ष्मीसमोरची सही वगैरे मला सांगायला होतं. आयुष्यात तू दुसऱ्यांदा खोटं बोललास आणि या वेळी मला ते ओळखता आलं नाही.

आणि मला राग आला, सदा, तुझा. आभारही मानतोय आणि रागही येतोय, दोन्ही एकदम. कोणी सांगितलं होतं तुला? हेड कंपॉझिटरची नोकरी गेली असती, दुसरीकडे साधा कंपॉझिटर झालो असतो. महिना-दोन महिने तुरुंगात बसलो असतो, खरं जुळवल्याबद्दल आमचे चांगले चांगले लोक बसून आले या आंदोलनात. तू मला एकदा विचारायला हवं होतंस. पण मी तुला येतो म्हणालो नव्हतो, तेव्हा तू कोणाला विचारणार होतास? तुला माझं उत्तर माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाहीस. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

शेठचा मला राग येत नाही आता. त्याचा राग करण्याइतकी त्याची लायकी नाही. ज्या माणसाला स्वतःचा कर भरायला शिपायाचं नाव लागतं, पुतण्याला शिकवायला गरिबाची जागा लागते आणि दुखवट्याच्या पत्रात नावाची जागा कोरी ठेवावी लागते, त्याच्याहून भिकारी आपल्या चाळीत कोणी राहत नाही. सरकारी मदतीची खरी गरज त्यालाच होती, आणि ती त्याला वेळेवर मिळाली.

मी मालकाला आज सकाळी सांगितलं, उद्या येणार नाही, आणि परवा आलो तर ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तो विचारत होता काय झालं. पेपरात येईल म्हटलं.

उद्या अकरा वाजता वहिनी आणि मी इन्कमटॅक्सच्या कचेरीत जाणार आहोत. वहिनींनी फोटोवरचा शेठचा हार काढून दाराबाहेर ठेवला, काचेवरचं कुंकू पुसलं आणि फोटो जुन्या लुगड्यात गुंडाळला. तो मी काखेत धरून नेणार आहे. तुला खोली मिळणार नाही, ते मला ठाऊक आहे. वहिनींना मिळेल का, तेही ठाऊक नाही. पण तिथला साहेब फोटोवर बोट ठेवून विचारेल, हा मागे उभा राहून हसतोय तो कोण?

तू नाही म्हणालास तरी या वेळी मी सांगणार आहे.

तुझा,
जनू